हुजुरांचं शीर्षासन

कपाटाला 'हुजूर' म्हणणारा माणूस आमच्या मस्तगड वस्तीत एकच होता, दत्तोपंत. कपाट बर्फ करायचं होतं. औरंगाबादच्या छावणीतला कुणी साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा पंतांनी ते त्याच्याकडून आणलं. खाली घासलेटचा दिवा लावायचा आणि वर बर्फ व्हायचा. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना ही भुताटकी वाटे, उरलेल्यांना थाप. कचेरीत जन्म काढलेल्या पंतांना मात्र त्यात नवल वाटत नसे. "खाली आग अन् वरचे थंड. सरकारी कारभार हाय, बराबर चालतो!"

घरात पंत एकटेच. स्वतः बर्फाला शिवत नसत, दात ठणकायचे. सरबतासाठी कुणी मागायला गेलं, की "हुजुरांची तब्येत बरी न्हाई" म्हणून वाटेला लावत.

त्या उन्हाळ्यात माझ्या बायकोला, सुमतीला, ताप भरला. उतरेना. ती बरळू लागली. डॉक्टर म्हणाले, "डोक्यावर बर्फ ठेवा." मी पंतांकडे धावलो.

"हुजूर नाराज हायेत."

मला वाटलं, नेहमीचाच बहाणा. "पंत, सरबताला नको. सुमतीच्या डोक्यावर ठेवायचाय."

पंत ताडकन उठले. दार उघडून त्यांनी माझाच हात कपाटात घातला. आतही उन्हाळाच होता.

मग हुजुरांची तपासणी सुरू झाली. पंतांनी वात कापली, पिवळी ज्योत निळी केली, धुराड्यातली काजळी खराट्याच्या काडीनं काढली, पायाखाली पाचर मारून कपाट सरळ केलं. दर खेपेला आत हात घालून अदबीनं विचारायचे, "हुजूर, आता?" हुजूर ढिम्म.

शेवटी म्हणाले, "औषधाची बाटली लई दिवस ठिवली की तळाला साका बसतो. मंग काय करतो आपण? उलटी करतो. जा, जल्दी हमाल आण."

"अहो, मोडेल ना!"

"मोडू दे. असं तरी काय करून राह्यलंय?"

दिवा काढून हमालांनी हुजुरांना गादीवर डोक्यावर उभं केलं. हुजुरांच्या पोटात गुडगुड झाली, थेट अजीर्णाची. पंतांनी हात जोडून माफी मागितली. दारात जमलेली गल्ली हसत होती. मला हसू येत नव्हतं.

संध्याकाळी कपाट सरळ करून पंतांनी दिवा लावला. सकाळी ते धापा टाकत आमच्या दारात हजर, हातात भुशात गुंडाळलेला बर्फ. "घे. बिलकुल गार हाय." आत मात्र आले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. बर्फ संपला की घरी जाऊन आणखी आणायचे.

दुपार कलल्यावर मी बाहेर येऊन सांगितलं, "पंत, ताप उतरला."

त्यांनी हातांवरचा भुसा झटकला.

"आमच्या हिच्या तापाच्या येळेला मनमाडहून बर्फ मागवल्ता," ते म्हणाले. "गाडी आली तवा पोत्यात नुसतं पाणी."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकलो.

"तेच पाणी लावलं कपाळाला. होतं जरासं गार."