चावीला पंचामृत

सकाळी साडेनऊला इंद्रायणीनं ब्रेकवर पाय ठेवून गाडीचं बटण दाबलं. समोर चावीचं लाल चित्र लुकलुकलं आणि गाडी गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा गप्प. मागच्या सीटवर सासूबाई, सरोजिनीबाई, मांडीवर बाळंतविडा घेऊन केव्हाच्या बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, हे खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं.

सोलापूरहून तासाभराच्या वाटेवर, मंगळवेढ्यात इंद्रायणीच्या भावाच्या, बाळूच्या लेकीचं बारसं होतं. मुहूर्त बारा वीसचा. नाव आत्यानं ठेवायचं, पण आत्या दोन. चुलतबहीण प्रियंका आदल्या दिवशीच जाऊन बसली होती आणि तिच्या मनात ‘कियांशी’ होतं. इंद्रायणीच्या वडिलांनी लेकीला नदीचं नाव दिलं होतं. ते आता नव्हते. नातीलाही आपल्या इथल्या नदीचं, सीनेचं नाव मिळावं, असं तिच्या फार मनात होतं. बाळूनं हात झटकले होते. वेळेवर जी पाळण्याशी असेल, तिचं नाव.

नवरा अद्वैत माहितीपुस्तक घेऊन आला. त्यानं चावी बटणाला टेकवली, दारं चार वेळा लावली-उघडली आणि शेवटी सगळ्यांना दोन मिनिटं शांत बसायला लावलं. ऑफिसातला कॉम्प्युटर तसा सुरू होतो म्हणे. मग गॅरेजवाल्या बिभीषणला फोन केला.

बिभीषणनं चावीतला सेल बदलला. लाल चित्र तसंच. “चावीची अन् गाडीची वळख पटंना झालीय. वळख पटल्याबिगर ही हालत न्हाय बगा. पाच मिनिटं द्या.” अशी पाच-पाच मिनिटं देता देता सव्वाअकरा वाजले, एसटीनं जाण्यातही अर्थ उरला नाही. भाड्याच्या गाड्या तर दसऱ्याच्या सुट्टीत सगळ्या तुळजापूरला. मग बिभीषणनं चावीचं पोटच उघडलं, बोट फिरवलं आणि त्याचा वास घेतला.

“वैनी, हितं मध हाय.”

“कशात?”

“चावीत. तूपबी असंल. मुंग्या निवांत बसल्यात की आत.”

सगळ्यांनी मागच्या सीटकडं पाहिलं. सरोजिनीबाई खिडकीबाहेर फार लक्षपूर्वक बघत होत्या. हळूहळू उलगडा झाला. खंडेनवमीला गाडीला हार-फुलं झाली. पण गाडीचा सगळा जीव चावीत असतो, हे अद्वैतच घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला होता. म्हणून त्यांनी चावी ताम्हनात ठेवून पंचामृताचा अभिषेक केला. नंतर धुतलीही होती. “गरम पाण्यानं. तूप गार पाण्यानं निघतं का रे?”

अद्वैत दुसरी चावी आणायला घराकडं पळाला.

“तिलाही केलाय,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “एकीला करायचा आणि दुसरीला नाही, असला दुजाभाव मला दोन सुना असत्या तरी जमला नसता.”

बिभीषणनं मुंग्यांना बाहेर काढलं, आतली पट्टी स्पिरिटनं पुसली, चावी जोडून काचेपाशी उन्हात ठेवली आणि सांगितलं, सोलापूरचं ऊन हाय, वाळंल. बटण दाबत ऱ्हावा. शेजारच्या नागम्मांनी चावी तांदळात पुरायला सांगितली. त्यांच्या सूनबाईंनी ज्वारीत. यावर दोघींचं जुंपलं. इंद्रायणीनं काच वर केली आणि दर दोन मिनिटांनी बटण दाबत राहिली. डोळ्यांत पाणी येत होतं, ते ती घाम म्हणून पुसत होती.

बारा अठराला बाळूचा फोन आला.

“ताई, पाळण्याजवळ धरलाय फोन. कानात सांग.”

मागून प्रियंका म्हणत होती, की हे असलं धरायचं नसतं. बाळू म्हणाला, तू पाळणा धर.

इंद्रायणीनं स्टिअरिंगवर वाकून फोन तोंडाशी नेला. पलीकडं इवलासा श्वास ऐकू येत होता. ती अगदी हळू म्हणाली, “सीना.” मग आणखी दोनदा म्हणाली, गरज नव्हती, तरी.

आता रीतीप्रमाणे नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी गुद्दे घालायचे. मंगळवेढ्यात बायका हात उगारून उभ्या आणि पाठ सोलापुरात. भावजय फोनवर विचारत होती, गुद्दा घालायचा कुणी? तेवढ्यात मागच्या सीटवरून सरोजिनीबाईंनी पुढं झुकून, सात वर्षांचं सासूपण एकवटून असा एक धपाटा घातला, की इंद्रायणी पुढं कोलमडली. पाय ब्रेकवर, अंगठा बटणावर.

गाडी सुरू झाली.

बाहेर तांदूळ-ज्वारीचा वाद थांबला. इंद्रायणी पाठ चोळत मागं वळली. सरोजिनीबाई बाळंतविडा नीट करत होत्या.

“बघतेस काय? घुगऱ्या संपायच्या आत पोचव.”