ससासुद्धा न दिसणारं जंगल

जंगल निवडायला शंकासुरांना तीन आठवड्यांची मुदत मिळाली होती, आणि त्यातले अडीच आठवडे एकेक जंगल नापसंत करण्यात गेले होते.

शंकासुर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे, ते ऑफिसनं ठेवलेलं. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायचे, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. माणसाला कशाकशानं इजा होऊ शकते याचं जेवढं ज्ञान त्यांच्या टेबलावर साठलं होतं, तेवढं एखाद्या मोठ्या इस्पितळातही नसेल. पोपट चावून बोटाला चार टाके पडलेली बाई त्यांनी पाहिली होती. उभ्या गाडीत जांभई देताना जबडा निखळलेला गृहस्थ पाहिला होता. त्यामुळे शिडी दिसली की ते रस्ता बदलत, पोपट दिसला की हात खिशात घालत, आणि गाडीत बसल्यावर जांभई आलीच तर ती नाकानं देत.

मुदत दिली होती बायकोनं. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून ओळखीपाळखीतले सगळे त्यांना बाईच म्हणत. तीस वर्षं बाईंनी नकाशावर पट्टी टेकवून मुलांना गवताळ प्रदेश आणि घनदाट अरण्यं शिकवली, त्यात कोण कोण राहतं तेही शिकवलं, आणि स्वतः त्यांनी मोकळं फिरताना पाहिलेलं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे शेजाऱ्यांचा कुत्रा. जंगल सफारीचा बेत याआधी तीनदा ठरला आणि तीनदा मोडला होता. एकदा शंकासुरांची पाठ धरली. एकदा ऑफिसात तपासणी निघाली. तिसऱ्यांदा तर कारणसुद्धा नव्हतं. त्यांना नुसतंच कसंतरी वाटलं होतं.

चौथ्या खेपेला बाई भांडल्या नाहीत, आणि शंकासुरांना तेच जड गेलं. भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मला सुट्टी आहे. दोन दिवसांची सफारी पुष्कळ झाली. जंगल तुम्ही निवडा. कुठलंही निवडा, मी नावं ठेवणार नाही. नाही निवडलंत तर मी एकटी जाईन."

आवाज चढला नव्हता, सुरी थांबली नव्हती. ही जाणार, हे शंकासुरांना कळून चुकलं. आणि लगेच त्यांच्या डोळ्यांपुढे दाव्याचा एक कोरा अर्ज उभा राहिला, त्यावर बाईंचं नाव. प्राण्यांची त्यांना भीती होतीच, पण त्या अर्जाची अधिक वाटली.

त्यांनी एक वही केली. पहिलं जंगल फोटोमुळे बाद झालं, कारण फोटोत बिबट्या जीपच्या टपावर बसला होता आणि जीपमधली माणसं हसत होती. दुसऱ्याच्या जाहिरातीत 'प्राणी हमखास दिसतील' असं होतं. त्या 'हमखास'वर शंकासुरांनी काट मारली. तिसऱ्या ठिकाणच्या खोल्या 'निसर्गाशी एकरूप' होत्या, म्हणजे कुंपण नव्हतं. वही भरत चालली आणि दिवस सरत चालले.

शेवटी त्यांना आपला धंदा उपयोगी पडला. सव्वीस वर्षांच्या अनुभवानं त्यांना ठाऊक होतं की जाहिरात खोटं बोलते, पण चिडलेलं गिऱ्हाईक खरं बोलतं. ते तक्रारी वाचू लागले, आणि मुदत संपायला तीन दिवस असताना त्यांना हवं ते जंगल सापडलं. फार लांब नाही, फार मोठं नाही, आणि तक्रारी अशा की वाचून जीव निवावा. 'दोन दिवस, चार फेऱ्या, आणि दिसलं काय? धूळ.' दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, 'एक ससासुद्धा दिसला नाही.' एकाची तर फारच दर्दभरी होती: 'ड्रायव्हरनं मोर म्हणून जो दाखवला ती कोंबडी निघाली.' शंकासुरांनी त्या तक्रारी वहीत उतरवून घेतल्या, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा मारल्या आणि त्याच दुपारी खोली ठरवून टाकली.

बाईंना इतका आनंद होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. बाईंनी दुर्बीण आणली आणि गच्चीतल्या कबुतरांवर सराव सुरू केला. पायाच्या ठशांचा तक्ता फ्रिजवर चिकटवला. "मांजराच्या जातीचं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं, म्हणून ठशात नखं उमटत नाहीत," असं त्या चहा पिताना सांगत, आणि शंकासुर कप घेऊन फ्रिजकडे पाठ करून बसत. खोटा दावा मंजूर करून घेणाऱ्या माणसाचं तोंड कसं दिसतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. आजकाल दाढी करताना ते त्यांना रोज दिसत होतं.

त्यात रजेच्या अर्जानं घोळ घातला. साहेबांनी कुठे जाताय म्हणून विचारलं, यांनी सांगितलं. नीट चौकशी केलीत ना, असं विचारल्यावर यांनी तीन आठवड्यांची वहीच पुढे केली. साहेबांनी ती घरी नेली, आणि दुसऱ्या दिवशी परत देताना म्हणाले की आम्हीही त्याच तारखांना येतो. आम्ही म्हणजे ते आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या, आणि मरण्याआधी हत्ती बघायचाच असं त्यांनी मनात घेतलं होतं.

आता शंकासुरांची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. प्राणी दिसला तर आपली धडगत नाही, आणि नाही दिसला तर एक्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला धूळ दाखवली म्हणून साहेब जन्मभर डूख धरणार. त्यांनी साहेबांना परावृत्त करायचा प्रयत्न केला. रस्ता खराब आहे म्हणाले, जेवण बेचव असतं म्हणाले, मग धीर करून, तिथे फारसं काही दिसत नाही असंही ऐकलंय, म्हणाले. नवल असं की दर वाक्यागणिक साहेबांचा चेहरा खुलत गेला.

ठरल्या दिवशी चौघं दुपारी तिथे पोचले. सहा खोल्या, लांबलचक पडवी, पुढे पाणवठा. मालकीणबाई पूर्वी जनावरांच्या डॉक्टर होत्या. उंच, गुडघे दुखरे, आवाज खणखणीत. बाकीचे सामान लावायला गेले तेव्हा नोंदवहीत सही करायला शंकासुर एकटेच मागे राहिले. दिलासा मिळावा म्हणून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथे प्राणी तसे कमीच, नाही का?"

"कुणी सांगितलं?"

"तक्रारी वाचल्या होत्या."

"त्या होय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या मीच लिहिते."

मग त्यांनी शांतपणे खुलासा केला. चार वर्षांपूर्वी कुणीतरी या जागेची भरभरून स्तुती केली, आणि रोज चाळीस-चाळीस जीपगाड्या येऊ लागल्या. गोंगाटानं हत्तींनी पाणवठा सोडला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक तक्रार लिहून पाहिली. गुण आला. तेव्हापासून महिन्याला एक लिहितात. कोंबडीची त्यांना स्वतःलाही बरी जमल्यासारखी वाटते, असं त्या जरा संकोचून म्हणाल्या. "आता सगळे परत आलेत. हत्ती तर रोज असतात. सध्या पिल्लं लहान आहेत, म्हणून माद्या जरा तापट. हात तेवढे गाडीच्या आत ठेवा."

शंकासुरांचं पेन सहीच्या तिसऱ्या अक्षरावर जे थांबलं ते थांबलंच. पुढची सही त्यांनी केली ती त्यांची वाटत नव्हती.

चार वाजता जीप निघाली. सासूबाई हट्टानं ड्रायव्हरशेजारी बसल्या. मधल्या बाकावर बाई, आणि मागे साहेब आणि शंकासुर. पाच मिनिटांत हरणांचा कळप आडवा गेला. मग रानडुकरं. मग ड्रायव्हरनं गाडी हळू करून एका झाडाकडे बोट दाखवलं. फांदीवरून दोरासारखं काहीतरी लोंबत होतं, आणि त्याच्या वरच्या टोकाला बिबट्या झोपला होता. बाई दुर्बीण उचलायचंच विसरल्या. शंकासुरांनी साहेबांकडे पाहिलं. म्हटलं, निदान हे तरी खूश असतील. साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

पुढच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध हत्तीण उभी होती. पोटाखाली पिल्लू, आणि आजूबाजूच्या झुडपांत आणखी चार-पाच. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. त्या शांततेत साहेबांनी शंकासुरांचं मनगट पकडलं.

"हे काय आहे?"

"हत्ती, साहेब."

"ते दिसतंय मला. इथे काही नसतं ना?"

"पण साहेब, सासूबाईंना तर हत्ती..."

"त्यांना हवाय. मला नकोय," साहेब दातांतून कुजबुजले. "वर्षभर धोशा लावलाय त्यांनी. तुमची वही वाचली, त्या रेघा मारलेल्या तक्रारी वाचल्या. म्हटलं, आपल्या ऑफिसातला सगळ्यात भित्रा माणूस तीन आठवडे खपून जंगल शोधतोय, तिथे मुंगीसुद्धा निघायची नाही. दोन दिवस हिंडवू आणि नशीब नाही म्हणून परत आणू."

मधल्या बाकावर बाईंची पाठ एकदम ताठ झाली. त्या वळल्या मात्र नाहीत.

हत्तीण जीपकडे चालू लागली तेव्हा शंकासुरांनी डोळे गच्च मिटले. पुढचं सगळं त्यांना कळलं ते फक्त कानानं आणि नाकानं. भात्यासारखा श्वास. ओल्या गवताचा वास. कुठेतरी पत्र्यावर काहीतरी हलकेच घासलं. सासूबाई स्वतःशीच हसल्या. शंकासुर मनातल्या मनात अर्ज भरत होते: घटनेची वेळ, घटनेचं स्थळ, इजेचं कारण, दोष कुणाचा. दोषाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि ड्रायव्हरचा आवाज आला, "गेली."

त्यांनी डोळे उघडले. झुडपांत शिरणारा एक भलामोठा राखाडी पार्श्वभाग आणि चार केसांची शेपटी एवढंच त्यांना दिसलं. मग तेही दिसेनासं झालं. साहेब दोन बाकांच्या मध्ये खाली बसले होते. त्यांचे गुडघे अडकल्यामुळे त्यांना वर काढायला दोघं लागली.

परत आल्यावर पडवीत चहा झाला आणि सासूबाईंना कुणी थांबवू शकलं नाही. हत्तिणीच्या पापण्यांना केवढे लांब केस होते, तिनं गाडीचा वास कसा घेतला, मग आपल्या शालीचा कसा घेतला, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. पिल्लाला सोंडेचं काय करायचं ते कळत नव्हतं, चालताना ते स्वतःच्याच सोंडेवर पाय देत होतं, असं बाई म्हणाल्या. शंकासुर हे सगळं दुसऱ्याच्या सहलीचं वर्णन ऐकावं तसं ऐकत होते. सासूबाईंनी विचारलं, तुम्हाला कसा वाटला?

"मोठा होता," ते म्हणाले.

"होती," बाई म्हणाल्या.

सगळे उठून गेल्यावर दोघंच उरले. बाई पाणवठ्याकडे बघत राहिल्या. "मला काही दिसू नये म्हणून तुम्ही हे निवडलंत."

"तुला दिसू नये म्हणून नाही," शंकासुर म्हणाले. "तुला काही होऊ नये म्हणून. आणि मला." थोडं थांबून त्यांनी प्रामाणिकपणे दुरुस्ती केली, "आधी मला."

बाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. "उद्या सकाळच्या फेरीला तुम्ही येऊ नका. रागानं नाही सांगत. ती जवळ आली आणि तुम्ही इतका वेळ श्वास धरून बसलात की मी दर दोन क्षणांनी मागे वळून तुमच्याकडे बघत होते. तीस वर्षं वाट पाहिली आणि हत्ती निम्माच बघितला. उद्या मला अख्खा बघू दे."

शंकासुरांनी मान हलवली. साहेबांना कळल्यावर त्यांना केवढा धीर आला. ते म्हणाले, बरं झालं, सकाळी माझ्या खोलीत या, पत्ते खेळू, खिडक्या लावून घेऊ.

सकाळी बाई आवाज न करता तयार झाल्या आणि दार ओढून घेऊन चहाला गेल्या. शंकासुर पांघरुणात पडून होते. चार भिंती, वर छप्पर, दाराला कडी. गेला महिनाभर ते ज्यासाठी झुरत होते ते सगळं मिळालं होतं. तरी डोळ्यांपुढून ती शेपटी जाईना. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही प्रकरण नुसतं मागून बघून मंजूर केलं नव्हतं. पिल्लू स्वतःच्या सोंडेवर पाय देतं म्हणजे नेमका कसा देतं? पुढचा देतं की मागचा? आणि आपल्यामुळे बायकोनंही हत्ती निम्माच पाहिला, हे तर पांघरुणात अधिकच टोचत होतं.

दार वाजलं. बाहेर साहेब, हातात पत्त्यांचा जोड. "आलोच," शंकासुर म्हणाले, आणि मागच्या दारानं निघाले.

बाई आणि सासूबाई चहा संपवून जीपपाशी आल्या तेव्हा मधल्या बाकावर शंकासुर बसलेले होते. पायात चपला, अंगात झोपायचा सदरा, हात गुडघ्यांच्या मध्ये घट्ट दाबलेले, आणि डोळे इतके ताणून उघडलेले की जणू ते मिटले तर दंड होईल.

बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "भीती वाटत नाही?"

"वाटते ना. पण श्वास घेतोय. बघ."

आणि त्यांनी खरंच एक मोठा श्वास घेऊन सोडून दाखवला. सासूबाई पुढे चढल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बाईंनी पायरीवर पाय ठेवला आणि नवऱ्याच्या खांद्याला हलकेच ढकललं.

"तिकडे सरका," त्या म्हणाल्या. "डावीकडून जास्त दिसतं."