पाइपलाइनपाशी घातलेलं गाऱ्हाणं

“पाइपलाइनच्या कडेचा तो सायकल ट्रॅक? डोळ्यांवर पट्टी बांधा आणि सोडा मला!”

मुलुंडच्या चंद्रप्रकाश परबांनी ही फुशारकी सहा महिने मारली होती. उघड्या डोळ्यांनीसुद्धा त्यांनी तो ट्रॅक कधी पाहिलेला नाही, हे फक्त दोघांना माहीत होतं: ते स्वतः आणि ट्रॅकच्या तोंडाशी गाडी लावणारा इडलीवाला. पाइपमागे झुडपं, झुडपांमागे डोंगर आणि डोंगरात बिबटे! मुलुंडकराला हे शिकवावं लागत नाही. परब रोज ट्रॅकच्या तोंडापर्यंत जात, दोन प्लेट इडली खात आणि कपाळावर पाणी शिंपडून घामाघूम घरी येत.

वाट लागली ती रक्ताच्या रिपोर्टने.

“रोज तासभर सायकल, आणि साखर खाली यायची सोडून वर?” परबांच्या सौभाग्यवती रत्नप्रभावहिनींनी चष्मा वर केला. “उद्या मी येते. बघू दे तरी तुमचा ट्रॅक!”

वहिनींनी शाळेत असताना कणकवलीचे चढ सायकलने काढलेले. सकाळी लेकीची, अपूर्वाची, सायकल घेऊन त्या तयार! तोंडाशी इडलीवाल्याने “साहेब, आज...” एवढं म्हटलं मात्र, साहेबांनी देवळातली घंटा बडवावी तशी सायकलची घंटी बडवली आणि आत मुसंडी मारली.

आत चिटपाखरू नव्हतं. एका बाजूला माणसापेक्षा उंच पाइप, अजगर सुस्तावून पडावा तसा. दुसऱ्या बाजूला भिंत.

“अहो, हे वळण कुठे जातं?”

“हे? हे ना... पुढे जातं.”

“आणि ते डावीकडचं?”

“तेही पुढेच! पण हे जास्त.”

जास्त पुढे जाणारी वाट थेट एका लोखंडी गेटवर आपटली. गेटला हे एवढं कुलूप! परबांनी सायकल वळवायला घेतली, आणि मागून, पाइपच्या खालून, आवाज आला.

घर्रर्र...

भीती वाटली की परबांच्या बोलीतली मुंबई उतरे आणि मालवण वर येई.

“गो... वाघरू!”

“खय?” वहिनीही पांढऱ्या पडल्या. पुढे कुलूप, मागे घरघर. पळणार कुठे?

अशा वेळी देवाला गाऱ्हाणं घालावं, एवढं एकच परबांना आजोबांनी शिकवलेलं. आणि पोटात खोटं ठेवून घातलेलं गाऱ्हाणं देव ऐकत नाही, हेही! त्यांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाऱ्हाण्याला होकार भरायच्या सवयीने वहिनींच्या तोंडून साद गेली.

“जा काय चुकला-माकला असात, ता पोटात घे!”

“व्हय म्हाराजा!”

“सायकल मारूक जातंय म्हणान सांगलंय आणि सहा म्हयने ट्रॅकच्या तोंडार बसान इडली खाल्लंय!”

“व्हय म्हा... काय खाल्लात?”

घर्रर्रर्र!

“आधी व्हय म्हण गो! तो इलो!”

“किती?”

“दोन प्लेटी! व्हय म्हण!”

“व्हय म्हाराजा,” वहिनी दातांमधून म्हणाल्या.

“हयसून जित्तो भायर काढलंस, तर रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकल मारतलंय!”

“व्हय म्हाराजाऽऽ!”

ही हाळी एवढी खणखणीत होती, की घरघर थांबली. पाइपखालून आधी एक टोपी बाहेर आली, मग टोपीखालचा माणूस.

“ताई, केवढ्याने! पहाटे जरा डोळा लागला होता.” वॉचमन होता, छातीवरच्या पट्टीवर नाव राजेश. तो घोरत होता! त्याने कुलूप काढून गेटला खांदा लावला. कुलूप नुसतंच अडकवलेलं, गेट उघडलं. समोर रस्ता, रिक्षा, माणसं!

परबांची छाती पुन्हा फुगली. “म्हणजे वाघरू नव्हतंच! आणि देवाने कुठे, राजेशने बाहेर काढलं. नवस काही लागू होत नाही.”

“बरं,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “राजेशभाऊ, तुम्ही रोज सकाळी याच गेटवर असता ना?”

“आठपर्यंत, ताई.”

“मग हे इथे पोचले की मला फोन करायचा. घ्या नंबर.”

परब आता रोज ट्रॅक पुरा करतात. बिबट्याची भीती केव्हाच गेली. फक्त, आपण पोचलो आणि फोन करायच्या वेळी राजेश पुन्हा घोरत असला तर... या एका विचाराने मात्र त्यांना वाटभर कापरं भरतं!