रूथकाकूंचं गाव

९ डिसेंबर. हातातलं काम : शमुवेलकाकांची वंशावळ आज काहीही करून छापायला पाठवणे.

शमुवेलकाका शरणपूरला आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांना कुठलंही ठिकाण अर्धवट सांगता येत नाही. रिक्षात बसले तरी "शरणपूर, तालुका नाशिक, जिल्हा नाशिक" असंच सांगतात. एका रिक्षावाल्याने त्यांना विचारलं होतं, बाबा, इथून कुठे लांब जायचंय का, भाडं वेगळं पडेल. काकांनी त्याला शांतपणे समजावलं, की पत्ता पूर्ण असला म्हणजे अंतर वाढत नाही.

मी घरीच डीटीपी करते. लग्नपत्रिका, अहवाल, श्रद्धांजलीची कार्डं. गेल्या पावसाळ्यात काका कागदांनी भरलेली पिशवी घेऊन आले. नाताळात सगळं घराणं जमणार होतं, त्याआधी वंशावळ छापून हवी होती. चहा पुढे ठेवायच्या आत त्यांनी मला नियम सांगितले. एका ठिकाणाचं नाव पहिल्या पानावर जसं, तसंच शेवटच्या पानावर. नाव त्या काळी होतं तसं. आणि बाप्तिस्म्यापुढे नुसतं गाव नको, चर्चही हवं.

दुसऱ्या नियमात मी लगेच सापडले. त्यांच्या एका पणजोबांपुढे मी "तालुका देवळा" टाकलं. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सुनंदाबाई, पणजोबा देवळा तालुक्यात कसे जन्मतील? तो तालुका माझ्या नातवाच्या वयाचा आहे."

चर्चच्या नावाचा हट्ट मात्र मला उगाच वाटायचा. मग त्यांनी योहानाची गोष्ट सांगितली. काकांचा धाकटा भाऊ दानिएल यानेही एकदा वंशावळ केली होती, आणि दिसेल तिथे नुसतं "नाशिक" लिहून मोकळा झाला होता. त्या वंशावळीत योहान नावाच्या एका आजोबांना एकाच वेळी दोन बायका निघाल्या. दोघीही हयात, दोघीही चांगल्या घरच्या. नातेवाईकांत बोलणं बंद झालं. एका आत्याबाईंनी तर योहानाचा फोटो भिंतीवरून उतरवला. काकांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की योहान दोन होते, चर्च दोन होती आणि प्रत्येकाला रीतसर एकच बायको होती. "चर्च लिहिलं असतं तर बिचाऱ्याची अब्रू गेली नसती," असं काका अजून म्हणतात. दानिएल समोर असेल तर जरा मोठ्याने म्हणतात.

तर आज सगळी पानं तयार होती. एकच जागा रिकामी होती, काकांच्या बायकोच्या, रूथकाकूंच्या जन्मठिकाणाची.

काकूंना जाऊन वर्ष झालं. अगदी लहानपणी त्यांना कुणीतरी नाशिकला मुलींच्या एका बोर्डिंगात आणून सोडलं होतं. कुणी, कुठून, हे कुणालाच माहीत नव्हतं. पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातून, एवढंच काकूंच्या कानावर होतं. त्या बोर्डिंगात दाखल होईल त्या मुलीचं जन्मठिकाण म्हणून बोर्डिंगच्याच गावाचं नाव घालायची पद्धत होती. मुलींनीही पुढे जन्मभर तेच लिहिलं. काकांना ते मान्य नव्हतं. इतक्या मुली एकाच इमारतीत जन्मल्या म्हणे, असं ते कडवटपणे म्हणायचे.

पुण्याहून मुलं रोज फोन करत होती, की पप्पा, नाशिक लिहा आणि विषय संपवा. आज प्रेसवाल्यानेही बजावलं होतं, की उशीर झाला तर नाताळाआधी काही मिळणार नाही. मीही म्हटलं, निदान जिल्हा तरी टाकू.

"जिल्ह्यात कुणी जन्मत नाही, सुनंदाबाई. गावात जन्मतात."

मग ते बराच वेळ बोलत राहिले. नाताळात शेजारपाजारच्या बायका गावाला जायच्या आणि काकू दारात उभ्या राहून त्यांना निरोप द्यायच्या, हे काकांना बघवायचं नाही. म्हणून निवृत्तीनंतर ते काकूंना एसटीने एकेका गावाला नेऊ लागले. एखादी विहीर, एखादं झाड पाहून काही आठवेल, ही आशा. काकू चहूकडे बघायच्या, मान हलवायच्या आणि कुणाशी तरी ओळख काढून पिशवीभर भाजी घेऊन परत यायच्या. सुरगाण्याजवळच्या करंजपाडा नावाच्या एका पाड्यावर एका बाईने त्यांना चुलीपाशी बसवून नागलीची भाकर वाढली. उठताना काकू म्हणाल्या, "अहो, हेच लिहून टाका. मला आवडलंय."

"आवडलं म्हणून गाव आपलं होत नाही, असं मी तिला म्हणालो," काका म्हणाले. "त्यानंतर ती दुसरं गाव बघायला आलीच नाही. सापडलं की, म्हणायची."

समजूत घालणं मला जमत नाही. मी संगणकाकडे वळले. जन्मठिकाणापुढे "माहीत नाही" असं टाइप केलं, कारण खरं तेच होतं. त्याखाली एक ओळ वाढवली आणि त्यात "गाव" एवढाच शब्द लिहिला. म्हटलं, काका, इथे करंजपाडा टाकू. बाकीच्यांना गाव बापाकडून मिळालं, काकूंनी स्वतः निवडलं. यात तुमचा कुठला नियम मोडतो?

काकांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. पुन्हा काढला.

"पण विचारल्याशिवाय कसं लिहायचं?" ते म्हणाले. "गाव त्यांचं आहे. आमची रूथ तुमच्या गावची म्हणून लावली तर चालेल का, हे विचारायला नको?"

मी प्रेसवाल्याला फोन लावला. त्याची बोलणी खाल्ली आणि परवापर्यंत मुदत मागून घेतली.

१० डिसेंबर. सकाळी थर्मासमध्ये चहा भरून मी गाडी काढली. वणीवरून सुरगाण्याला जायचं होतं. काका आधीच फाटकाशी उभे होते, लग्नात घालतात तसा कोट घालून. पायाशी करंज्यांचा डबा, पेढ्यांचा पुडा आणि एक कोरी साडी. एवढं सामान कशाला, म्हणून मी विचारलं.

"सासुरवाडीला पहिल्यांदा जातोय," काका म्हणाले. "रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

मी डिकी उघडून दिली.