भाजीच्या पाण्याची विल्हेवाट

निसर्गाने माणसाला मूत्रपिंडं दोनच दिली. सल्लागार किती असावेत, यावर मात्र त्याने कसलीही मर्यादा घातली नाही. त्यामुळे एखाद्याची मूत्रपिंडं कामात कुचराई करू लागली, की त्यांच्या मदतीला ताबडतोब सल्लागारांची नेमणूक होते. ही नेमणूक बिनपगारी असते आणि तिला निवृत्तीचं वय नाही.

चौकातल्या शिंप्याच्या, म्हणजे आपल्या मास्तरांच्या बाबतीत ही कार्यवाही विक्रमी वेगात पार पडली. सकाळी अकराला डॉक्टरांनी सांगितलं, की मूत्रपिंडं मंदावली आहेत, खाणंपिणं सांभाळा, तीन महिन्यांनी रक्त तपासू. आकडे असेच चढत राहिले, तर आठवड्यातून तीनदा मशीनला जोडावं लागेल. मशीनशी मास्तरांचा चाळीस वर्षांचा घरोबा होता, पण ती त्यांनी चालवायची, अशी वहिवाट होती. त्यांनी मनातल्या मनात बेतून पाहिलं: दिवस सात, मशीनचे तीन, मशीनवरून येऊन आडवं पडायचे तीन, उरला एक. एका दिवसात फार तर दोन पँटी होतात, त्याही बिनखिशाच्या.

साडेअकराला ते दुकानात परतले, तेव्हा शेजारचा इस्त्रीवाला स्टुलावर बसून वाटच पाहत होता. मीठ साफ बंद केलं की मूत्रपिंडं धुवून इस्त्री केल्यासारखी होतात, असं त्याचं म्हणणं. (विषय त्याच्या खात्यातला असल्याने या मताला वजन होतं.) पाठोपाठ चष्मेवाला आला. त्याने रोज दोन पेले ताज्या फळांचा रस सुचवला आणि कसा प्यायचा ते स्वतः पिऊन दाखवलं. व्यायामशाळेत जाणाऱ्या मेहुण्याने दंड फुगवणाऱ्या पावडरीचा डबा आणला. विहीणबाईंनी परदेशी दुकानातलं, सोन्याच्या भावाचं ‘आरोग्यदायी’ मीठ पाठवलं.

पहिल्या महिन्याचा गोषवारा पुढीलप्रमाणे. एकूण सल्ले: एकशे बारा. पैकी एकमेकांना छेद देणारे: एकशे दहा. उरलेल्या दोघांचं एकमत झालं, ते हे की डॉक्टरांना काही कळत नाही. मास्तरांच्या ऐपतीत बसणारा सल्ला एकच: काहीच खाऊ नका.

सरकारी दवाखान्यात, जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या पलीकडे एक टेबल आहे. तिथे आहारतज्ज्ञ बाई बसतात. (त्यांना सल्ला देण्याचा पगार मिळत असल्याने त्यांचा सल्ला कुणी फारसा मनावर घेत नाही.) मास्तर सगळ्या भेटवस्तू पिशवीत भरून तिथे पोचले. बाईंनी त्या टेबलावर मांडल्या आणि बाद केल्या. रसात पोटॅशियम फार. पावडरीत प्रथिनं फार. त्या महागड्या मिठातून सोडियम काढलं होतं खरं, पण रिकाम्या जागी पोटॅशियमच भरलं होतं. हे पोटॅशियम निरोगी माणूस सहज बाहेर टाकतो. मास्तरांच्या रक्तात ते मुक्कामाला राहतं.

मग बाईंनी काय खायचं ते सांगितलं. भात. कोबी. अंड्यातला पांढरा भाग. मीठ बंद नाही, पण मोजून. आणि बटाटा असो की इतर भाजी, बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी टाकून द्यायचं.

मास्तर खूश झाले, कारण सगळं मापात होतं. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, तितक्याच नाराज झाल्या. “अहो, एवढ्या स्वस्तात कुणी बरं होतं होय?” त्या बाहेर आल्या आल्या म्हणाल्या. “बाईंनी काहीतरी हातचं राखलंय.”

तरीही हुकूम तो हुकूम. चिरणं, उकडणं आणि गाळणं या तिन्ही कलमांची अंमलबजावणी चोख झाली. चौथ्या कलमाचा मात्र घराच्या घटनेशी उघड संघर्ष होता. त्या घरात एकतीस वर्षांत काहीही टाकून दिलेलं नव्हतं. कापडाच्या कतरणीची उशी होई, उशी फाटली की पायपुसणं, पायपुसणं फाटलं की मशीनचं तेल टिपायचा बोळा. (बोळ्याचं पुढे काय होतं ते अद्याप समजलेलं नाही, कारण पहिला बोळा अजून सेवेत आहे.) शिवाय भाजीचा सगळा अंश पाण्यात उतरतो, हे काकूंना आजवर ठाऊक नव्हतं. ते बाईंनीच सांगितलं. आणि एकदा कळल्यावर ते पाणी मोरीत ओतायचं म्हणजे काय?

सबब, रोज संध्याकाळी पातेलंभर पाणी आटवून पेलाभर केलं जाई, वर मिरपूड पडे आणि ते मास्तरांना मिळे. चव भयंकर होती, त्यामुळे गुण येणार याबद्दल दोघांच्याही मनात शंका उरली नाही.

दीड महिन्याने बाईंनी मध्येच एक तपासणी करवली. पोटॅशियम भलतंच चढलेलं.

“मास्तर, केळी खाल्लीत?”

“नाही हो.”

“रस?”

“तो चष्मेवालाच पितो.”

“भाजी उकडून पाणी टाकता ना?”

“टाकतो तर!” काकू अभिमानाने म्हणाल्या. “थेंब वाया जात नाही.”

बाईंचं पेन थांबलं. “टाकता कुठे?”

काकूंनी मास्तरांकडे बोट दाखवलं.

बाई दोन मिनिटं जिन्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. (खांदे हलत होते, कारणाची नोंद नाही.) वळल्या, तेव्हा चेहरा गंभीर होता. “काकू, हे असंच वाढलं ना, तर हृदय बंद पडतं. मशीनपर्यंत न्यायलाही वेळ मिळत नाही.” मग त्यांनी मास्तरांना तिथूनच वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे धाडलं. औषध देऊन आकडा उतरेपर्यंत दोन दिवस तिथेच ठेवून घेतलं.

घरी परतताना काकू तीन चौक आपले हात पदराला पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “मीच माझ्या हातांनी पाजत होते हो.”

“असू दे गं,” मास्तर म्हणाले. “कात्री चुकली. कापड अजून शिल्लक आहे.”

त्या दिवसापासून नवी कार्यपद्धती लागू झाली. पाणी मास्तर ओतत आणि काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत.

“गेलं?”

“गेलं.”

“सगळं?”

“सगळं गं बाई.”

मध्यंतरी इस्त्रीवाल्याने ते पाणी कपड्यांवर शिंपडायला मागून नेलं, तेव्हा काकूंचा जीव भांड्यात पडला होता. पण आठवड्याभरात अर्ध्या गल्लीच्या शर्टांना कोबीचा वास येऊ लागला आणि हा उपक्रम लोकाग्रहास्तव बंद पडला.

तीन महिने भरले. रक्त तपासलं. आकडे होते तिथेच होते, चढले नव्हते. “मशीन सध्या नको,” डॉक्टर म्हणाले, “चाललंय ते चालू द्या.” मास्तरांनी दुपारीच एका पँटीला चार खिसे लावले.

श्रेयाचं वाटप संध्याकाळपर्यंत उरकलं. आकडे थोपवल्याचा दावा एकशे बारा जणांनी केला. चष्मेवाल्याच्या मते हा निव्वळ रसाचा प्रताप होता. जिन्याखालच्या बाईंचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही, कारण त्यांचा सल्ला पाळला गेल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आता हे वाचता वाचता तुम्हांलाही तुमच्या ओळखीतला एक माणूस आठवला असेलच, ज्याला नेमकं हेच झालं होतं आणि एका साध्या घरगुती उपायाने तो महिन्याभरात ठणठणीत झाला. अवश्य या. दुकान दहा ते सात उघडं असतं, स्टूल पुसून ठेवलेलं असतं. फक्त निघण्यापूर्वी त्या ठणठणीत माणसाच्या घरी एकदा फोन लावा, आणि उचलतं कोण, ते बघा.