बॅटरी कोणाची गेली

आमच्या रस्त्यावर बर्फ काढावा तर वेंडेल हार्जूने, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. वेंडेल हार्जू म्हणजे मीच. सुपीरियर सरोवराच्या या काठावर हिवाळ्यात बर्फ खिडकीपर्यंत चढतो, आणि बाकीचे लोक फावडी घेऊन कंबर मोडून घेत असतात तेव्हा मी माझ्या एटीव्हीवर राजासारखा बसलेला असतो. जाडजूड चाकांची ही गाडी, पुढे लोखंडी पातं, आणि बटण दाबलं की विजेवर दोर गुंडाळणारा विंच ते पातं वर उचलतो.

यंदा मी गाडीत थोड्या सुधारणा केल्या. हँडलच्या मुठी तापणाऱ्या, बैठक तापणारी, अंगठ्यापुरता वेगळा हीटर, गाडीच्या वायरवर तापणारं जाकीट, कॉफीचा पेला गरम ठेवणारं कडं आणि मांस-बटाट्याची पेस्टी गरम ठेवणारी पेटी. शिवाय रेडिओ आणि समोर दिव्यांची अशी पट्टी, की ती लावली तर पलीकडच्या कोंबड्याला पहाट झाल्यासारखं वाटतं.

खाणीत तीस वर्षं वायरमन असलेला शेजारी ऑर्व्हल निस्ट्रम हे सगळं बघून म्हणाला, "वेंडेल, लोडचा हिशेब केलास का?"

"कसला हिशेब?"

"इंजिन मंद चालतं तेव्हा ही गाडी जेमतेम स्वतःपुरती वीज करते. विंच तर सरळ बॅटरीचंच रक्त पितो. घरात कमावता एक आणि पंगतीला बसलेत नऊ. बॅटरी किती दिवस पुरणार?"

"माझे हात गरम आहेत. तुझे आहेत का?" मी म्हणालो. मला वाटलं, मी जिंकलो.

त्या गुरुवारी रात्रभरात दीड फूट बर्फ पडला. रस्त्याच्या टोकाला पेल्कोलाबाई राहतात, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच दिवशी अकराला, चाळीस मैलांवर. चार महिने थांबून मिळालेली वेळ. आदल्या दिवशी मी त्यांना शब्द दिला होता, "बाई, नऊच्या आत तुमची वाट मोकळी."

साडेआठला घरापासून फाटकापर्यंतची वाट साफ होती. फाटकाच्या तोंडाशी, रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या सरकारी नांगराने टाकलेला ढिगारा तेवढा उरला. पातं वर, पातं खाली, वर, खाली. विंच थोडा कण्हायला लागला. मी म्हटलं, त्यालाही विश्रांती हवी. मग इंजिन मंद ठेवून, सगळे हीटर, दिवे, रेडिओ चालू ठेवून मी निवांत पेस्टी खाल्ली. खाऊन झाल्यावर बटण दाबलं. खट्ट. दिवे पिवळे झाले, रेडिओने उचकी दिली आणि इंजिन बंद पडलं. पातं ढिगाऱ्यात रुतलेलं, गाडी बरोबर फाटकात आडवी, आणि बाईंची मोटार आत.

मी उतरायला गेलो तर जाकिटाच्या वायरने मागे खेचलं. ती छातीपाशी आत जोडलेली. मी वाकून, जाकीट उघडून छातीशी झटापट करू लागलो. तेवढ्यात बाईंनी खिडकी उघडली.

"वेंडेल, काय झालं रे?"

"बॅटरी गेली, बाई."

"पूर्ण?"

"पूर्ण. महिनाभर कुरकुरत होती. मीच लक्ष दिलं नाही."

"अरे देवा. आता कसं वाटतंय?"

"कसं वाटणार? लाज वाटतेय. बायकोला मात्र सांगू नका."

खिडकी बंद झाली. आता एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या ऑक्टोबरात माझ्या छातीत बॅटरीवर चालणारा पेसमेकर बसवला, आणि हे सबंध रस्त्याला ठाऊक आहे. माझ्या मात्र त्या क्षणी डोक्यातसुद्धा नव्हतं.

वायर काही सुटली नाही, पण वीस मिनिटांनी सायरन ऐकू आला. कोणाचं बिचाऱ्याचं काय झालं, म्हणून मी टोपी काढली. रुग्णवाहिका माझ्यासमोरच थांबली. हार्डवेअरच्या दुकानातला गॉर्डी लुओमा आणि त्याची बहीण स्ट्रेचर घेऊन धावले. हे दोघे गावाच्या रुग्णवाहिकेचे स्वयंसेवक.

"बोलू नकोस, झोप," गॉर्डी म्हणाला. त्यांनी मला आडवं करून उचललं. दोन पावलांवर वायर ताणली गेली आणि मी स्ट्रेचरवरून उलटा गाडीकडे घसरलो.

"ही वायर कसली?"

"बॅटरीची."

"बाहेरून जोडलीय?"

"बाहेरूनच असते. आतून कशी जोडणार?"

गॉर्डीचा चेहरा बर्फासारखा पांढरा झाला. "कोणी बसवली?"

"मीच. गॅरेजमध्ये."

त्याच्या बहिणीने छातीवर क्रॉसची खूण केली. तेवढ्यात माझी बायको कोरिन घरातल्या सपाता घालून बर्फातून धावत आली आणि तिने मला घट्ट मिठी मारली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात अशी मिठी मला दोनदाच मिळाली असेल. मी काही बोललो नाही. माणूस अशा वेळी बोलतो का?

बोलला तो ऑर्व्हल. गर्दी बघून आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "याला काही झालेलं नाही. गाडीची बॅटरी गेलीय."

कोरिनने मिठी सोडली. सोडली म्हणजे काढून घेतली.

"पावणेदहा झाले," दारात पेल्कोलाबाई बॅग घेऊन उभ्या होत्या. "मरत नसशील तर बाजूला हो."

ऑर्व्हलने फावड्याचा दांडा घालून पातं उचललं आणि पट्ट्याने बांधलं. गॉर्डीने रुग्णवाहिकेच्या बॅटरीवरून वायर जोडून दिली. गाडी सुरू झाली आणि त्याबरोबर दिवे, रेडिओ, पेटी, बैठक, सगळी मंडळी जेवायला बसली. गाडी पुन्हा बंद. कोरिन पुढे आली आणि एकेक बटण बंद करत गेली. "हे काय आहे?"

"अंगठ्याचा हीटर."

"एका अंगठ्याचा?"

तेही बटण तिने बंद केलं. गाडी तिसऱ्या फटक्यात धडधडत बाजूला झाली. मोटार बाहेर काढायला आता वेळ नव्हता, म्हणून गॉर्डीने रुग्णवाहिकाच शहरातल्या दवाखान्याकडे वळवली. बाई पुढच्या सीटवर बसून गेल्या आणि अकराला पाच कमी असताना पोचल्या.

रविवारी मी त्यांना भेटायला गेलो. माफी मागायची होती. डोळ्यावरची पट्टी निघाली होती. त्यांनी मला दारातच थांबवलं, खालून वर नीट पाहिलं आणि हळहळून म्हणाल्या, "वेंडेल, मी तुला आजवर पन्नाशीचा समजत होते रे."

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन उत्तम झालंय. माझं मत विचाराल तर दुसऱ्या डोळ्याची इतकी घाई करायची काही गरज नाही.