आठ दिवसांचं पथ्य

टेलरमास्तरांना मधुमेह वर्षातून फक्त बत्तीस दिवस असे. दर तीन महिन्यांनी एका सोमवारी रक्ततपासणी आणि तिच्या आधीचे आठ दिवस कडक पथ्य, अशी त्यांनी त्या आजाराशी बोलणी करून ठेवली होती. त्या आठ दिवसांत चहा बिनसाखरेचा, ताटात सगळं अर्धंच, आणि संध्याकाळी पायी दोन मैल. सोमवारी उपाशीपोटी रक्त दिलं, की दंडावरचा कापूस दाबत मास्तर थेट समोरच्या बेकरीत शिरत. तिथून पुढे तीन महिने त्यांना काहीही झालेलं नसे. रिपोर्ट उत्तम येई, डॉक्टर "छान" म्हणत, आणि मास्तर कॉपी करून पास झालेल्या मुलासारखे खाली मान घालून बाहेर पडत.

बाकी माणूस नजरेचा पक्का. रस्त्यापलीकडून चाललेल्या माणसाची कंबर ते अर्ध्या इंचाच्या आत सांगत. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, की गळ्यातली टेप काढायच्या आधीच म्हणत, "पोट सुटलंय. मागच्या वेळी चौतीस होतं, आता छत्तीस." यात बरीच गिऱ्हाइकं दुखावली गेली, पण माप चुकल्याची तक्रार कधी कुणी केली नाही.

साथीनं दवाखाने भरायला लागले तेव्हा मास्तरांच्या पथ्याचा आठवा दिवस चालू होता. दुपारी लॅबमधून फोन आला.

"काका, उद्या येऊ नका," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "साध्या टेस्ट बंद केल्यात. सगळा स्टाफ साथीच्या टेस्टना लावलाय."

"सगळा? आणि आमच्या ताई?" ताई म्हणजे गेली बावीस वर्षं मास्तरांचं रक्त काढणाऱ्या लॅबवाल्या ताई.

"त्यांनाही तिकडेच घेतलंय. तुम्ही पुढच्या सोमवारी या."

"अहो, पण मी आठ दिवस..." मास्तर मध्येच थांबले. आठ दिवस काय, ते लॅबला सांगण्यासारखं नव्हतं.

बायकोनं आतून विचारलं, "मग आता साखरेचा चहा टाकू?"

"वेडी आहेस का? टेस्ट सातच दिवस पुढे गेलीय. आज खाल्लं तर आकडा बिघडेल." मास्तरांनी उसासा सोडला. "आठ दिवस काढलेत, तसे आणखी सात काढू."

पुढच्या रविवारी फोन आला तो लॅबच्या ड्रायव्हरचा. मशीनमध्ये घालायच्या औषधाच्या बाटल्या अडकून पडल्या होत्या, पुढच्या सोमवारी या. त्याच्या पुढच्या रविवारी मास्तरांनी स्वतःच फोन लावला, तो वॉचमननं उचलला.

"काउंटरवरची मुलगी कुठाय?"

"ती आता रिपोर्ट टाईप करते. टाईप करणारे नमुने घेतात, आणि नमुने घेणारे घरी आजारी पडलेत."

"मग गेटवर कोण आहे?"

"गेटवर कुणी नाही. पण येतंय कोण, साहेब? तुम्ही पुढच्या सोमवारी बघा."

गावातल्या उरलेल्या दोन लॅबच्या दारांवरही तसेच कागद चिकटवलेले होते. डॉक्टर फोनवर भेटले, पण त्यांनी "गोळ्या तशाच चालू ठेवा" एवढं सांगून फोन ठेवला. त्यांच्यामागे दुसरे चाळीस जण वाट बघत होते. मास्तर मात्र दर सोमवारपासून सात दिवसांच्या अंतरावर अडकून पडले. पथ्य सोडावं तर सोमवार जवळ, आणि सोमवार आला की तो पुढे सरके. आठ दिवसांचा हा माणूस महिनोन्महिने बिनसाखरेचा चहा पीत राहिला, आणि त्याबद्दल कुणाकडे दादही मागता येईना.

बायकोचा हात तीस वर्षं दोघांच्या स्वयंपाकाला बसलेला. मास्तरांनी निम्मं घेतलं की निम्मं उरे, आणि उरलेलं टाकायचं तिच्या जिवावर येई. ते ती खाऊन टाकी.

"तुझी चैन आहे बाई," मास्तर तिच्या ताटाकडे बघत म्हणत. "माझ्या वाटचंही तूच खातेस."

"खाते, पण अंगाला कुठं लागतं?" ती म्हणाली. हे वाक्य मास्तरांनी ऐकलं, पण त्यांचं लक्ष तिच्या ताटातल्या गोडाच्या वाटीवर होतं.

सुरुवातीला मास्तरांनी दवाखान्यासाठी पांढरे मास्क शिवले. पुढे त्याच दवाखान्यानं कर्मचाऱ्यांसाठी निळे डगले शिवायला दिले. आणि डगले संपल्यावरच्या रिकाम्या वेळात त्यांच्या लक्षात आलं, की आपली पँट सैल झाली आहे. त्यांनी ती एक इंच आत घेतली. नंतर आणखी एक इंच. मग कपाटातल्या सगळ्या तपकिरी पँटी काढून मशीनसमोर ढीग घातला आणि आठवडाभर तेच करत बसले. आरशासमोर आडवं उभं राहून ते बायकोला हाक मारत, "अगं, बघ जरा. तिशीतला दिसतोय की नाही?"

"दिसताय," ती म्हणे आणि पाणी प्यायला आत जाई. पाणी ती फार पिऊ लागली होती.

"मला हल्ली थकवा फार येतो हो," एकदा ती म्हणाली. "आणि पायाला मुंग्या येतात."

"घरात बसून सगळ्यांच्याच पायाला मुंग्या आल्यात. माझी टेस्ट होऊ दे, मग तुझं बघू. दोघंही एकदम लॅबच्या मागे लागलो तर एकाचंही व्हायचं नाही."

महिन्याभरानं भाजी घेऊन येताना तिच्या पायातली चप्पल रस्त्यातच गळून पडली आणि ती तशीच एका पायानं अनवाणी घरापर्यंत आली. मास्तर पोट धरून हसले. चप्पल गळाली तरी कळलं नाही म्हणजे कमाल आहे, असं ते पुढे चार दिवस फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत होते. तीही हसली. आपल्याला खरंच कळलं नव्हतं, हे तिनं त्या हसण्यात कुणाला सांगितलं नाही.

अकराव्या महिन्यात एका रविवारी फोन आला तो खुद्द ताईंचा. आवाज बसलेला होता.

"मास्तर, उद्या या. साध्या टेस्टना सध्या मी एकटीच आहे, वेळ लागेल. पण या."

मास्तर बायकोला सोबत घेऊन गेले. लॅबमध्ये एक सोडून एक खुर्ची मोकळी ठेवून माणसं बसली होती. ताई वाळल्या होत्या, आजारातून उठून तीन जणांचं काम ओढत होत्या, पण सुई पूर्वीसारखीच पहिल्या फटक्यात शिरली. मास्तर कापूस दाबत उठले आणि अकरा महिन्यांनी समोरच्या बेकरीत शिरले. काचेमागच्या एकेका वस्तूची विचारपूस करत त्यांनी चांगला अर्धा तास घेतला. हातात पुडा घेऊन परतले, तेव्हा बायको दंडावर कापूस दाबून बसली होती.

"तुला काय झालं?"

"ताई म्हणाल्या, आलाच आहात तर देऊन जा."

"उगाच त्यांचं काम वाढवलंस," मास्तर म्हणाले आणि तिला पुड्यातला केक दिला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. मास्तरांची साखर शहाण्णव. बायकोची तीनशे बारा. मास्तरांनी दोन्ही कागद उलटसुलट पाहिले आणि तडक लॅब गाठली.

"ताई, नळ्यांची अदलाबदल झालीय. तुम्ही एकट्या पडलात, होतं असं. तीनशे बारा माझी असणार."

ताईंनी डोळे वर केले. रागवायचंही त्राण त्यांच्यात उरलेलं दिसत नव्हतं. "मास्तर, तुमची साखर मी बावीस वर्षं ओळखते. दर वेळी ती आठ दिवसांची असते. ते डॉक्टरांनाही माहीत आहे."

मास्तर हातातल्या कागदांची पुन्हा घडी घालू लागले.

"या वेळचा आकडा पहिल्यांदा खरा आलाय, म्हणून मला बरं वाटत होतं," ताई म्हणाल्या. "पण काकू काल अर्ध्या तासात पाच वेळा पाणी प्यायला उठल्या. दोन वेळा पाय घसटत परत आल्या. मी एका बाजूला वीस जणांचं रक्त काढत होते, तरी मला दिसलं. घरी तुम्हाला दिसलं नाही?"

मास्तर तिथून निघाले, पण रस्ता कसा सरला ते त्यांना कळलं नाही. आपली चूक आहे, असं वाटून जीव थोडा थोडा होणं हा प्रकार त्यांना नवा होता. आतापर्यंत त्यांचं कधी काही चुकलंच नव्हतं.

डॉक्टरांनी बायकोला काट्यावर उभं केलं, तिची जुनी फाईल काढली आणि म्हणाले, "अकरा किलो उतरलंय."

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. "मी टेलर आहे. मला दिसलं असतं."

डॉक्टरांनी एक टाचणी घेतली आणि तिच्या पायाला एकेका जागी टोचून विचारत गेले. डाव्या पायाच्या दोन बोटांपाशी ती काही बोललीच नाही. "गोळ्यांनी साखर खाली येईल," ते म्हणाले. "बोटांचं सांगता येत नाही. सहा महिने आधी कळायला हवं होतं."

घरी येऊन ती आडवी झाली. मास्तरांनी तिचं कपाट उघडलं, तिचा रोजचा ब्लाऊज काढला आणि आतली बाजू बाहेर केली. बगलेखालच्या शिवणीवर, त्यांनी स्वतः घातलेल्या टिपेच्या आत, आणखी तीन टिपा होत्या. जरा वाकड्या, शिकाऊ हाताच्या. मशीनला त्या त्या वेळी जो दोरा लावलेला असे, तोच तिनं वापरला होता. सगळ्यात आतली टीप तपकिरी. तिच्या अलीकडे निळी. आणि पहिली पांढरी, मास्कच्या दिवसांतली. कुठली टीप कधीची, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

ते ब्लाऊज घेऊन तिच्यापाशी जाऊन बसले.

"हे कधी केलंस?"

"तुम्ही दुपारी झोपत होतात तेव्हा."

"मला का नाही दिलंस?"

"तुमच्या पँटी चालू होत्या ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मास्तरांना सोसलं असतं. त्यांनी तोंड फिरवलं आणि बराच वेळ ब्लाऊजाची घडी घालत राहिले.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मास्तर तिला खिडकीपाशी उभी करून टेप लावतात आणि आकडा वहीत लिहितात. नुसत्या नजरेनं ते आता कुणाचंच माप सांगत नाहीत. बिनसाखरेचा चहा दोघं मिळून पितात. तिच्या चपलांना मागून पट्टा शिवून दिला आहे, आणि ती कुठंही निघाली की आधी तिच्या पायांकडे बघायचं, अशी त्यांना सवय लागली आहे.

चार महिन्यांनी अंग थोडं भरलं, तेव्हा त्यांनी तपकिरी टीप उसवली. निळी उसवायला पुढे आणखी पाच महिने लागले. पांढरी अजून तशीच आहे.

"ब्लाऊज काखेत काचतो हो," परवा ती म्हणाली. "ती राहिलेली टीपही काढून टाका ना."

मास्तरांनी आधी टेप लावली. माप बरोबर होतं, टीप काढायला हरकत नव्हती. त्यांनी चष्मा लावला, ब्लाऊज उलटा केला, ब्लेड हातात घेतलं आणि तसेच बसून राहिले.

"होत नाहीये का?" तिनं विचारलं.

"दुसरा शिवून देतो," मास्तर म्हणाले. "हा असू दे."